हाक मारायची नाही

आमचे हे माझ्या राउटरला, म्हणजे लाकडात नक्षी कोरायच्या यंत्राला, हात लावणार म्हटल्यावर सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ज्या माणसाने जन्मभर ऑफिसात फायलींना टाचण्या टोचल्या, त्यातल्या निम्म्या स्वतःच्या अंगठ्यात, तो माणूस आता गरागरा फिरणारं पातं हातात धरणार!

"अहो, राहू द्या. मीच करते सावकाश," मी म्हटलं.

"तू स्टुलावर बस आणि तोंडाने शिकव. तुझ्या तोंडाला काही मुंग्या येत नाहीत," हे म्हणाले.

ते मात्र खरं. माझं तोंड ठणठणीत आहे. बोटांचं तसं नाही. इतकी वर्षं यंत्राची थरथर खाऊन उजव्या हाताची बोटं टोकाकडून पांढरी पडायला लागली, आणि डॉक्टरीणबाईंनी राउटर बंद म्हणजे बंद असं बजावलं. ह्यांना मी सांगितलं, अहो, मुंग्या येतात आणि जातात, एवढंच. खरं तर मुंग्या यायच्याही थांबल्या होत्या. टोकांना काही कळतच नव्हतं. चहाचा कप धरला तरी तो हातात आहे की नाही ते बघून ठरवावं लागायचं. हे जर ह्यांना कळलं असतं तर त्याच दिवशी वर्कशॉपला कुलूप लागलं असतं, आणि मग मी काय करायचं? भिंतीकडे बघत बसायचं?

म्हणून ती थाप मारली, आणि निवृत्त होऊन कंटाळलेले आमचे हे माझे हात व्हायला निघाले.

काम होतं गाणं शिकवणाऱ्या एका बाईंच्या टेबलाचं. काळपट लाकडाच्या फळीत पांढऱ्या लाकडाचं वीतभर लांब पान जडवायचं. करायचं कसं, तर पानाच्या आकाराचं भोक पाडलेला एकच साचा दोनदा वापरायचा. पहिल्यांदा पात्याभोवती पितळी कडं चढवून फळीत खाच पाडायची. मग कडं काढून त्याच साच्यातून पांढरं पान कापायचं. कड्याच्या जाडीचा हिशेब असा की पान खाचेत चपखल बसतं. कडं काढायला विसरलात तर पान खाचेत खुळखुळतं, आणि कापताना राउटर साच्याच्या कडेवरून जरा हलला तर पानाचाच लचका जातो.

खाच तर ह्यांनी झकास पाडली. अगदी माझ्यासारखी. मी तसं म्हटलं नाही, कारण डोक्यावर बसले असते.

"काय मास्तरीणबाई, पास का?"

"निम्मे पास. कडं काढा आधी, आणि बोलू नका."

पातळ पांढरं लाकूड खालच्या फळकुटावर दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने चिकटवलं, त्यावर साचा बसवला आणि हे सुरू झाले. मी स्टुलावर गप्प. मला ओळखणाऱ्या कुणालाही हे खरं वाटणार नाही, पण राउटर चालू असला की मी गप्प असते. आमच्या घरातला तो नियमच होता. माझा भाऊ यंत्रावर असताना आईने त्याला जेवायला हाक मारली होती. त्याने नुसतं वर बघितलं. अंगठा गेला. तेव्हापासून चालू यंत्रावरच्या माणसाला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, मागे जाऊन उभं राहायचं नाही.

कापत कापत हे देठापाशी आले. पान आता जवळजवळ सुटं झालं होतं, आणि खालची टेप नीट दाबलेली नव्हती. ते पातळ लाकूड फडफडायला लागलं. तर ह्यांनी काय करावं? उजव्या हाताने राउटर तसाच पुढे रेटत ठेवला आणि डावा हात राउटरच्या मुठीवरून काढून दोन बोटं सरळ साच्याच्या आत घातली. पान दाबून धरायला! पंख्याखाली कागद उडू नये म्हणून दाबतात ना, तशी. जन्माची सवय. आणि पातं कडेकडेने त्या बोटांकडेच निघालं होतं.

माझ्या घशाशी "अहो" आलं. मी ते दातांखाली धरलं. राउटरवरचं बटण ह्यांच्या हाताखाली, भिंतीवरचं ह्यांच्या पाठीमागे, आणि ते बंद केलं तरी पातं लगेच थांबत नाही. यंत्राचा सूर बदलला की नवखा माणूस दचकतो. दचकले असते तर संपलंच. हे तर मान खाली घालून, जीभ बाहेर काढून, एखाद्या शहाण्या मुलासारखे कापत होते. मला इतका राग आला ह्यांचा, आणि इतकी माया, की रडूच फुटायचं बाकी होतं.

मी समोरून गेले, हळूहळू, ह्यांच्या नजरेच्या टप्प्यात. कानामागची पेन्सिल काढली, तिचं बोथट टोक पानावर टेकवलं आणि दाबलं. ह्यांना पेन्सिल दिसली. दोन बोटं साच्याबाहेर गेली, डावा हात मुठीवर परत आला. मला वाटलं, सुटलो. पातं पुढे सरकलं. पेन्सिल मी घट्ट धरली आहे असंच मला वाटत होतं.

ह्यांचा चेहरा एकाएकी पांढराफटक पडला. अंगठ्याने त्यांनी खटकन राउटर बंद केला. पातं थांबेपर्यंत हे तो तसाच दाबून उभे राहिले, आणि मग झडप घालून त्यांनी माझा हात मनगटाशी धरला, पॉलिशचं फडकं ओढलं आणि माझ्या नजरेला पडायच्या आत अख्खा पंजा गुंडाळून टाकला.

"काय झालं?" मी विचारलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. "दुखतंय का?"

तेव्हा मला कळलं. पण नाही म्हणायची काही छाती झाली नाही माझी.

"दुखतंय की! दुखणार नाही तर काय? यंत्र आहे ते."

फडक्यावर लाल डाग पसरत होता. हे तो डाग बघत नव्हते, मला बघत होते.

"कुठलं बोट?"

"असं काय विचारता वेड्यासारखं?"

"कुठलं ते सांग."

मी बोटं हलवून बघितली. सगळी सारखीच लागली, म्हणजे लागलीच नाहीत.

"मधलं," मी म्हटलं.

हे खाली जमिनीवर बसले, मलाही शेजारी बसवलं, आणि फडक्यावरूनच माझी तर्जनी दोन्ही हातांनी आवळून धरली.