अफशीनचा काढा, गुलबानूंचा हट्ट

मी एक जुने मातीचे भांडे आहे, बुडाशी काळे पडलेले. मित्रांनो, मला घडवले चीनमधल्या एका कुंभाराने. मस्कतच्या कुरुम भागात चिनी औषधांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर लिन यांनी मला तिकडे आणले आणि अफशीनच्या हाती दिले. दर महिन्याच्या पोटदुखीने ती बेजार व्हायची. नाडी आणि जीभ तपासून, इतर काही गोळ्या चालू आहेत का ते विचारून, त्यांनी तिला औषधी मुळ्यांच्या पुड्या दिल्या. मस्कतच्याच अल हैल भागातल्या तिच्या स्वयंपाकघरात मी मंद आचेवर काढा उकळत राहिले. तिला बरे वाटले, माझे कौतुक झाले आणि मग मी कपाटात गेले.

अफशीनच्या सासूबाई गुलबानू रत्नागिरीच्या, पण आता तिच्याकडेच राहायच्या. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली होती. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू होती. पण गुडघे कुरकुरत होते आणि त्यांना मक्केला उमराहच्या यात्रेला जायचे होते.

"मी चाकाच्या खुर्चीत बसणार नाही म्हणजे नाही!" त्या म्हणायच्या.

एका सकाळी सून कामावर गेल्यावर त्यांनी मला बाहेर काढले आणि तिच्या उरलेल्या पुड्यांतली एक माझ्यात ओतली. मला ओरडावेसे वाटले. पण गॅस पेटलाच. मग रोजच पेटू लागला.

एके दिवशी त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, थांबेना. दंडावर निळे डाग उठले होते. अफशीनने ओट्यावर मला ओले पाहिले.

"अम्मी, यात काय उकळलंत?"

"तुझंच औषध. तुला गुण आला, मला का नको?"

"तुमची गोळी चालू आहे ना! यल्ला, चला, उठा."

"थांबेल गं रक्त."

"तुम्हाला घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

तिने डॉक्टरांना दाखवायला रिकामी पुडी पिशवीत टाकली आणि सासूला इस्पितळात नेले. रक्त फारच पातळ झाले होते. वेळेवर उपचार मिळाले म्हणून गुलबानू बचावल्या.

डॉक्टर लिन भेटायला गेल्या. "ही मुळी वाईट नाही," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या गोळीबरोबर घातक आहे. तुम्हाला मी काढा देणारच नाही."

गुलबानूंनी मान खाली घातली, स्वतःच्या पायांनी उमराहला जायचा हट्ट मात्र सोडला नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून त्यांनी गुडघ्यांचे व्यायाम सुरू केले. दुखले तरी रोज समुद्राकाठी चालल्या. हिवाळ्यात त्या काठी टेकत उमराहच्या बसमध्ये चढल्या.

मित्रांनो, मी सांगेन ते ऐकाल? माझ्यात दुसऱ्याचे औषध शिजवू नका. पुडी उघडण्याआधी आपली प्रत्येक गोळी जाणत्या वैद्याला आणि डॉक्टरांना सांगा. ते "हो" म्हणेपर्यंत मला थंडच राहू द्या.