तोंडी माप

भीमराव गाडीचा नकाशा कागदावर काढत नसे. अंबरनाथच्या शेडमध्ये प्लायचे तक्ते जमिनीवर जोडून मांडायचे, चपला बाहेर काढायच्या आणि खडूने खऱ्या मापाची गाडी काढायची, तीही अर्धीच. दुसरी बाजू तशीच असणार, मग उगाच गुडघे कशाला झिजवायचे? ही रीत त्याच्या उस्तादाची. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विलायतेहून बोटीने नुसती चासी आणि इंजिन यायचं आणि राजेलोकांच्या पसंतीची बॉडी इथे चढायची, तेव्हापासूनची.

उस्तादाची आणखी एक रीत होती. एक माप नकाशात मुद्दाम काढायचं नाही. ते तोंडीच, आणि फक्त बॉडीच्या पत्र्याखालचा लाकडी सांगाडा करणाऱ्या सुताराला सांगायचं. नकाशा चोरीला गेला तरी चोराला एक दिवस दारात यावंच लागेल.

भीमरावाचा सुतार हरिचंद्र, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला. सव्वीस वर्षांची जोडी. दोघांनी जुन्या गाड्यांची छतं आणि मडगार्डं पुष्कळ दुरुस्त केली, पण अख्खी बॉडी कधी मिळाली नव्हती. ती मिळाली भीमरावाच्या अडुसष्टाव्या वर्षी. बदलापूरच्या विक्रांत नावाच्या बिल्डरने १९३४ची चासी आणली होती, वरचं सगळं केव्हाच भंगारात गेलेलं.

"काका, त्या टायमाला एखाद्या राजाने नवीन मॉडेलवर बनवून घेतली असती ना, तशी पाहिजे," तो म्हणाला. दाराच्या उंबऱ्यावर बनवणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी लावायची जुनी चाल होती. ती पट्टी भीमरावाच्या नावाची लागेल, हेही त्याने कबूल केलं. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांना ठिगळं लावलेल्या माणसाला एवढंच हवं होतं.

चार महिने भीमराव तक्त्यांवर रांगला. मागच्या दाराची रेघ त्याने अकरा वेळा पुसली. बॉडी खाली येताना आत वळत होती, म्हणून दाराची खालची बिजागरी तीन सूत, म्हणजे अर्ध्या इंचाला थोडं कमी, बाहेर घ्यायला हवी होती. नाहीतर दार मडगार्डला घासणार. हेच माप त्याने काढलं नाही. हरिचंद्राच्या कानात घातलं.

विक्रांत तक्त्यांचे फोटो काढून घेऊन गेला आणि आठवड्याने त्याचा फोन आला, "काका, प्रोजेक्ट होल्डवर आहे."

वर्षभराने भीमरावाच्या मुलीने, कीर्तीने, मोबाइलवर एका लग्नाचा फोटो दाखवला. नवरदेवामागे गाडी उभी होती. "बाबा, ही तुमचीच ना?"

त्याचीच होती. भीमरावाचं डोकं सणकलं खरं, पण आतून त्याला थोडी मजाही वाटली. आता दार उघडा म्हणावं.

दुसऱ्या दिवशी तो विक्रांतच्या फार्महाऊसवर पोचला. ड्रायव्हर गाडी पुसत होता. "बघा ना काका, फक्त हात सांभाळून," तो म्हणाला. भीमरावाने मागच्या दाराचं हँडल फिरवलं. दार मडगार्डला न शिवता, अलगद, पूर्ण उघडलं. त्याने वाकून बिजागरी चाचपली. तीन सूत. उंबऱ्यावर भलत्याच वर्कशॉपची पट्टी होती, ती त्याने धड वाचलीही नाही. हे माप जगात दोघांनाच ठाऊक होतं.

तो तसाच उल्हासनगरला गेला. त्याचा चेहरा पाहून हरिचंद्राने रंधा खाली ठेवला.

"सांगाडा तू केलास?"

"केला. शेठ बोलला, भीमकाका लई टाइम लावतात, पत्र्याचं काम बाहेर देतो. मी नाही म्हटलं असतं तर दुसरा सुतार होताच की."

"मला सांगितलं नाहीस."

"कुठल्या तोंडाने सांगू?" हरिचंद्राचे डोळे भरले. "पण तीन सूत विसरलो नाय, भीमा. तुझी गाडी बिघडू नाय दिली मी."

तो खोटं बोलत नव्हता, याचाच भीमरावाला जास्त राग आला.

"अरे, दार अडकलं असतं तर ते माझ्याकडे आले असते. तेवढी एकच वाट ठेवली होती मी. ती तू बुजवलीस, हरी. आणि वर मलाच उपकार सांगतोस?"

हरिचंद्राने स्टूल पुढे सरकवलं. भीमराव बसला नाही.

"पुढच्या गाडीला असं नाय होणार," हरिचंद्र हळूच म्हणाला.

"मी एकोणसत्तरचा झालो," भीमराव म्हणाला. "पुढची कुठली?"