खुर्चीतले बाबा

उत्तर न दिलेलं ते पत्र आठवलं की म्हातारे ग्रंथपाल अर्ध्या जेवणावरून उठायचे. पत्र एका नर्सचं होतं. वाचनालयात ते कथालेखनाचा वर्ग घ्यायचे, तेव्हा ती मागच्या बाकावर बसायची. तिनं लिहिलं होतं, ‘सर, तुम्ही शिकवलंत तसं कथेतले बाबा समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसलेत असं मानलं, त्यांना प्रश्न विचारले. पण ते नुसते हसतात. कथा मासिकांकडून दोनदा परत आली. सोबत पाठवतेय. मला जमण्यासारखं नसेल तर स्पष्ट सांगा, लिहिणं सोडून देते.’

स्पष्ट सांगा म्हणे! दुकानदाराकडे उरलेले सुट्टे मागायचीही ज्यांना चोरी, ते काय कपाळ स्पष्ट सांगणार? शिवाय स्वतःच्या नावावर उण्यापुऱ्या दोन कथा. आपल्या एखाद्या वाकड्या शब्दानं पोरीनं पेन खाली ठेवलं तर? या धास्तीतच कित्येक महिने गेले.

आज मात्र त्यांनी मन घट्ट करून कथा पुन्हा वाचली. मुलगी शिकायला परगावी निघते, बाबा तिची बॅग उचलतात, हसत निरोप देतात. झालं. बाबा इतके भले, की बोट ठेवायला जागा नाही. ग्रंथपालांनी समोर खुर्ची ओढली आणि दबक्या आवाजात विचारलं, “बाबा, तुम्हाला हवंय तरी काय?”

“कोण आलंय?” बायको दारात उभी. “चहा टाकू का पाहुण्यांना? की तेही तुमच्यासारखेच मुखदुर्बळ?”

“अगं, कथेतले बाबा आहेत. बोलतच नाहीत.”

“सरका हो बाबा,” म्हणत ती खुशाल खुर्चीत बसली. “हं, विचारा आता.”

ते ओशाळले, पण विचारलं. “मुलगी निघालीय. काय वाटतं तुम्हाला?”

“जाऊच नये असं वाटतं. पण बोलायची सोय आहे का? म्हणून तिची छत्री मी माळ्यावर टाकलीय. बसू दे शोधत. गाडी चुकली तर चुकली.”

ग्रंथपाल बघतच राहिले. “हे तुला सुचलं कसं?”

“सुचायचंय काय त्यात! आपली लेक निघाली तेव्हा तुमचा चष्मा हरवला होता ना? सगळं घर पालथं घातलं. आणि चष्मा तुमच्याच सदऱ्याच्या खिशात.”

“तुला माहीत होतं?”

“तिलाही होतं. तरी उशांचे अभ्रे काढून काढून शोधत होती, वेडी.”

 ग्रंथपालांनी कागद ओढला. ‘पोरी, तुझे बाबा फार चांगले वागतात, म्हणून बोलत नाहीत. त्यांना काहीतरी हवं असू दे, आणि ते मागायची लाज वाटू दे. मग करू दे एखादी लहानशी लबाडी. तुला जमतंय. सोडू नकोस.’ खाली चष्म्याची गोष्ट लिहिली, लाजून खोडली, पुन्हा लिहिली.

टपालपेटीपाशी त्यांचा हात अडखळला. “चष्म्याचं जरा जास्तच झालं का गं?”

“टाका हो!” बायको म्हणाली.

त्यांनी पत्र आत सोडलं.