उपऱ्याची भीड

मुलगी काय करते असं कुणी विचारलं की आई सांगायची, "वानरांच्या लेंड्या वेचते." लोक हसायचे, आईही हसायची, आणि मग तोंड पाडून आत निघून जायची. खोटं तरी कुठे होतं? जंगलाच्या कडेला एका खोलीत राहून लेक नेमकं तेच करत होती. नराने झाडावरून विष्ठा टाकली की ती ताजी असतानाच चिमट्याने उचलायची, नळीत भरायची आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. तिच्यात टेस्टोस्टेरॉन किती, ताणाचं संप्रेरक किती, ते प्रयोगशाळा सांगायची. माद्यांसाठी नर एकमेकांच्या उरावर बसतात तेव्हा त्यांच्या अंगात आधी काय चढतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. वस्तीत तिला सगळे वानरताई म्हणत, आणि त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती, हे विचारायच्या भानगडीत ती पडली नव्हती.

या कामाचा नियम एकच. आपण दगड व्हायचं. खायला घालायचं नाही, हाकलायचं नाही, मध्ये पडायचं नाही. कळपाला ताईची इतकी सवय झाली होती की माद्या तिच्या बुटांशेजारी बसून एकमेकींच्या उवा काढायच्या. त्यातली सावळी ताईची लाडकी. लाडकं कुणी असू नये हेही खरं, पण मन काय नियम वाचून चालतं? सावळीला नुकतंच पिल्लू झालं होतं, आणि कळपाचा मालक, ज्याला ताई आबा म्हणायची, तो थकत चालला होता. आबा टिकला तर पिल्लू जगणार. बाहेरचा नर जिंकला तर तो आधी अंगावर पिणारी पिल्लं मारतो, म्हणजे त्यांच्या आया लवकर माजावर येतात. ताईने हे पुस्तकात कितीदा तरी वाचलं होतं आणि प्रत्येक वेळी पान पटकन उलटलं होतं.

बाहेरचा नर ओढ्यापलीकडे होताच, सड्याफटिंगांच्या टोळीत. त्याला तिने उपरा म्हणायला सुरुवात केली. गडी तरणाबांड, पण माणसाला भलताच भ्यायचा. ताई दिसली की पसार. त्याची एकही नळी भरेना. मार्गदर्शक सरांनी फोनवर सुनावलं की एकाच पैलवानाला जोखून कुस्ती कळत नाही, उपऱ्याचे नमुने नसतील तर प्रबंध विसर. तेव्हा तिने ओढ्याकाठी मूठभर शेंगदाणे टाकले. नमुने मिळेपर्यंतच, अशी स्वतःची समजूत घातली.

उपरा आधी लांबून आला, मग जवळून. हळूहळू त्याची भीड पार चेपली, आणि तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसून मुठीकडे बघू लागला. नळ्या भरल्या, अहवाल आले. त्याचं टेस्टोस्टेरॉन चढत होतं, आबाचा ताण वाढत होता. सर खूश झाले. तीही झाली, खोटं कशाला बोला.

मग एका सकाळी उपरा ओढा ओलांडून आला. आबाने दात विचकले, झुंजही दिली, पण वय आड आलं. फाटलेली मांडी ओढत तो झाडीत गेला, तो पुन्हा दिसलाच नाही. उपरा सावळीकडे वळला.

सावळी पिल्लू पोटाशी धरून धावत सुटली ती थेट ताईकडे, आणि तिच्या पायांमागे दडली. बाहेरचे नर माणसाजवळ फिरकत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ओढ्यापलीकडून कुणी आलं की ती नेहमी अशीच येऊन बसायची, आणि आजवर तिचं कधी चुकलं नव्हतं. या एका नराची भीड कुणी मोडली होती, हे तिला बिचारीला कळणार कसं?

उपरा बिनधास्त जवळ आला. ताई जागची हलली नाही. नियमच तसा होता, आणि हातपायही गळाले होते. त्यातलं खरं कारण कोणतं, हे तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही. पिल्लू एकदाच ओरडलं.

संध्याकाळी तिने सरांना सगळं सांगितलं, शेंगदाण्यांसकट. सर फाडून खातील असं तिला वाटलं होतं. खरं तर तेच तिला हवं होतं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"मग राहू दे. असा आलेख आजवर कुणाला मिळालेला नाही. शेंगदाण्यांचं लिहायची काही गरज नाही."

"बरं, सर," तिच्या तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी ती कळपापाशी गेली. सावळी खालच्या फांदीवर होती. एका हाताने तिने सुकत चाललेलं पिल्लू धरलं होतं आणि दुसऱ्याने ती त्याच्यावरच्या माश्या वारत होती. ताई आणखी जवळ गेली. सावळीने मान वर केली आणि बिबट्या दिसल्यावर काढतात तो कोरडा, खाकरल्यासारखा आवाज काढला. बघता बघता सगळ्या माद्या शेंड्यावर गेल्या. तिने घाबरून मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.