झिंग्याचा भात

पूनमसिंगले मीच बोलावलं होतं, आमच्या ह्यांनी नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागून कोणी माझ्यावर डोळे वटाराले नको.

पूनमसिंग राठोड नेरजवळच्या तांड्यावरचा. तो अन् माझा अभिषेक इंडोनेशियात एकाच सूतगिरणीत फिटर होते, एकाच खोलीत राहत होते. इकडं कापसाचे भाव पडले, लोहाऱ्याकडची त्याची गिरणी बंद झाली, म्हणून पोरगा तिकडं गेला. तिथंच तापानं वारला. घरी अस्थी तेवढ्या आल्या.

वारला त्याच्या काही महिने अगोदर त्यानं मोठ्या खुशीत फोन केला होता. "बाबा, मी झिंग्याचा भात कराले शिकलो! सुके झिंगे, लसूण, मिरची अन् काळा सॉस. इथं सारेच खातात." आमच्या घरात अंडंही येत नाही. आमचे हे, नीळकंठराव, सरकारी हापिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. "बाटला पोट्टा," म्हणाले अन् फोन ठेवून दिला. त्यानंतर त्याच्याशी बोललेच नाहीत. दर रविवारी तो विचारे, "बाबाले फोन देतं काय?" अन् हे समोर बसून पेपर वाचत. पोरगा गेला तरी तो शब्द तसाच राह्यला. काय म्हणावं अशा माणसाले!

मले एकच पाह्यजे होतं. माझा लेक जे जेवत होता ते या घरात, माझ्या गॅसवर शिजावं, अन् बापानं पुन्हा त्याले बाटला म्हणू नये. पूनमसिंग सुट्टीवर आल्याचं कळलं तसा मी फोन लावला. "येताना ते झिंगे घेऊन ये बापा."

"आणतो काकू. पण भात आज रात्रीच करून ठेवा. ताजा चालत नाही, गिचका होते. शिळा कसा मोकळा राहते."

मी पातेलंभर भात शिजवून झाकून ठेवला. सकाळी पाहते त पातेलं रिकामं! ह्यांनी सगळा भात गाईले घालून दिला.

"पाहुण्याले कोणी शिळं वाढते काय?" म्हणे.

मुद्दाम केलं का सवयीनं, देव जाणे. माझं डोकं सणकलं. मी इतकी बोलली, इतकी बोलली, की शेजारच्या विमलताई भिंतीवरून डोकावून गेल्या. हे समोरच्या खोलीत जाऊन पेपर उघडून बसले.

पूनमसिंग आला, त्याले सारं सांगितलं. "होते काकू, त्यात काय," म्हणे. "पाणी कमी घालून शिजवा अन् परातीत पसरून पंख्याखाली ठेवा. घाई असली का अभिषेक असंच करे." मी परात घेऊन पंख्याखाली बसली. भात निवेपर्यंत रडून घेतलं.

त्यानं झिंगे कोमट पाण्यात भिजवले, पिळून घेतले, लसूण ठेचला. कढई गॅसवर ठेवली अन् मले म्हणे, "काकू, आणखी एक कढई आहे काय? आधी काकाले बिनझिंग्याचा करून देतो."

"त्यांचं सोड तू."

"नाही, अभिषेकनंच तशी सवय लावली. त्याची एक वेगळी कढई होती. तिच्यात कधी झिंगा पडू दिला नाही. मले तर हात लावू देत नव्हता. म्हणे, बाबाले एकदा इथं घेऊन येईन, तवा त्यायचा भात याच्यात करीन. बिनझिंग्याचा करूनही पाहे, चव जमते का नाही म्हणून."

"हे तर त्याच्याशी बोलतही नव्हते रे," मी म्हटलं.

"तवाच तर घेतली ती कढई."

समोरच्या खोलीत पेपर खाली पडला. हे उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राह्यले. चेहरा पार उतरला होता.

"वेगळं नको करू," म्हणाले. "त्यानं खाल्ला तोच दे मले."

तेल तापलं, लसूण, मिरची अन् झिंगे पडले. असा वास सुटला की मी नाकाले पदर लावला अन् लगेच काढला. ज्या वासात माझं पोरगं दोन घास जेवलं, त्याले नाक काय मुरडायचं?

तिघं जेवाले बसलो. मले काही तो भात आवडला नाही, खोटं काहून बोलू? पण खाल्ला. ह्यांनी पहिला घास घेतला, गिळला, अन् तोंडावर हात धरून मोरीकडं धावले. ओकल्याचा आवाज आला. पूनमसिंग उठाले लागला. मी म्हटलं, "बस तू. जेव."

ते चूळ भरून आले. मिशा ओल्या, डोळे लाल. वाटलं, आता ताट सारतील. पण मांडी घालून बसले, ताट ओढलं अन् पुन्हा घास घेतला. सावकाश चावला. गिळला. मग पूनमसिंगकडं पाहून म्हणाले, "आता कुठं जाऊन सांगू रे त्याले?"

  माझा राग गेला नव्हता, आजही गेला नाही. पण ताटातलं संपलं तसा मी आणखी भात वाढला, अन् ते खाली मान घालून जेवत राह्यले.