खिळ्यावरची गिऱ्हाइकं

आमच्या इमारतीत शिंप्यांचे गाळे दोन: एक माझा, दुसरा धाकट्या दिरांचा. मालकीणबाईंनी सांगून टाकलं, यापुढे शिंपी एकच राहील. ज्याची कायमची गिऱ्हाइकं जास्त असतील तो. एकोणीस वर्षं मी त्या गाळ्यात मान मोडून शिवतेय. तो गेला तर शिलाई मशीन काय डोक्यावर घेऊन हिंडू?

भावोजींनी चारशे नावांची यादी आणली. पायरी चढला तो यांचा कायमचा! चेन बसवायला आलेला, पत्ता विचारायला आलेला, सगळे त्यात.

मी सासऱ्यांच्या हाताखाली शिकले. गिऱ्हाईक तिसऱ्यांदा आपल्या पायाने आलं, की त्याच्या मापाचा जाड कागद कापून, त्यावर नाव-नंबर लिहून खिळ्याला लावायचा. तेव्हाच त्याला कायमचं म्हणायचं, आधी नाही. माझ्या खिळ्याला एकसष्ट कागद होते, तेवढेच मालकीणबाईंकडे नेले.

"वहिनी, एवढंच?" भावोजी हसले.

"एवढंच. पण हाकेला ओ देणारे."

मालकीणबाई यादी वाचता वाचता थबकल्या. "यात माझं नाव कसं?"

"तुम्ही बटण लावून नेलंत ना," भावोजी पुटपुटले.

"ते दुसऱ्या दिवशीच तुटलं." त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे तर मी कोट शिवला. माझा कागद?"

खोटं बोलणं काय अवघड होतं! पण जीभच वळेना.

"नाही लावला. तुम्ही एकदाच आलात."

त्यांनी फोन उचलला आणि दोघांकडची तीन-तीन नावं निवडून विचारलं, तुमचा शिंपी कोण? भावोजींच्या तिघांपैकी दोघांना शिंपी आठवेना, तिसऱ्याने फोन आपटला. माझ्या तिघांपैकी नर्सबाई घाबरल्या, "का हो, बऱ्या आहेत ना त्या?" बसचालकाने विचारलं, "गाळा हलवताय? कुठे, ते सांगा. मी तिथे येईन." तिसरे मास्तर. त्यांनी तर मालकीणबाईंनाच झापलं, "इमारत तुमची, आणि शिंपी कोण ते मला विचारता?"

"गाळा तुमचाच," मालकीणबाई म्हणाल्या. मला रडूच फुटलं, आनंदाचं. भावोजी मान खाली घालून उभे होते. म्हटलं, "उद्यापासून माझ्याकडे या. कात्री तुमचीच चांगली चालते. बटणं मात्र मी लावीन."

आठवड्याने मालकीणबाई नवं कापड घेऊन आल्या. माप देऊन झालं तरी हलेनात, खिळ्याकडेच बघत राहिल्या. "आता तरी लावा की!"

"अजून एक खेप," मी म्हटलं.