बापाचा वाटा

वेल्डरने बाटली उलटी करून दुधाचा थेंब मनगटावर पाडला. कोमट होतं. त्याने निपल मुलीच्या ओठांना लावलं, तशी तिने पाठीची कमान करून टाहो फोडला.

"तिला फोन लाव," त्याची आई दारातून म्हणाली. "लेकराला आईच लागते. पुरुषांनी असले हट्ट करू नयेत."

"ती कामावर आहे, आई."

त्याची बायको पाणीपुरवठा केंद्रात पंप चालवायची. बाळंतपणाची रजा संपवून ती आजच परतली होती, तीही पाळीप्रमुख म्हणून. पहिल्याच दिवशी अर्ध्यातून घरी आली असती, तर ‘बायकांचं हे असंच’ म्हणायला तिथे माणसं टपूनच बसली होती.

बाळासाठी रजेचा कायदा तसा जुनाच. आई किंवा बाप, कुणीही घ्यावी. कारखान्यात एकाही बापाने ती घेतली नव्हती. मग सरकारने नियम बदलला: बापाचा वाटा बापाचाच, त्याने घेतला नाही तर बुडाला. हक्काची रजा फुकट घालवणं जिवावर आलं म्हणून त्याने अर्ज केला, हे खरं. "सरकारने तुला दाई केलं की रे!" फोरमन म्हणाला आणि अख्खं वर्कशॉप खो-खो हसलं. तोही हसला होता.

आता त्याला घाम फुटला होता. फेऱ्या मारून झाल्या, खुळखुळा वाजवून झाला. शेवटी बायकोचा न धुतलेला सदरा खांद्यावर टाकून तो भिंतीला टेकून बसला आणि वेल्डिंग मशीन घुमतं तसा घशातून आवाज काढू लागला. मुलगी हुंदके देत थांबली. सदऱ्यात नाक खुपसलं. मग बाटलीला लागली.

आईने पाहिलं. तिने दार हळूच लोटून घेतलं.

पुढे भुकेचं रडणं कोणतं आणि झोपेचं कोणतं, हे त्याला शेजारच्या खोलीतूनही कळू लागलं. लसीच्या रांगेत तो एकटाच बाप्या असायचा. आता कुणी वळूनही बघेना. एकदा फोरमनचा फोन आला. आवाज दबका.

"तो अर्ज कुणाकडे द्यायचा रे? आमचे जावई विचारतायत."

एका संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा मुलगी नुकतीच दचकून उठली होती. पिशवी टाकून तिने धावत जाऊन तिला उचललं. मुलगी रडतच राहिली आणि बापाकडे झेपावली. त्याच्या खांद्यावर जाताच शांत झाली.

बायकोचे हात तसेच पुढे राहिले.

"अर्धवट झोपेत आहे गं," तो ओशाळून म्हणाला.

"असू दे. झोपव तिला."

तो मुलीला घेऊन आत गेला. बायको नळाखाली बराच वेळ हात धूत राहिली. वळली तेव्हा सासूबाईंनी ताट वाढलं होतं. भाजीतून वाफ निघत होती. पहिला घास घेतल्यावर तिने डोळे मिटले.

"चटका बसला का गं?"

"नाही, आई. गरम आहे, एवढंच. तुम्हीही बसा ना."

"मी मागून जेवते. सवय आहे मला."

"बसा हो."

सासूबाई क्षणभर उभ्याच राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या, ताट पुढे घेतलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या,

"ती झोपली की भांडी घास रे. आम्ही जेवतोय."